दोन वेगळ्या कंपन्यांच्या रॅम एकत्र चालतात का?

देवगडहून एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांचे डीटीपीचे आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे केंद्र आहे. हंगामात आंब्याच्या पेट्यांची लेबले आणि बागायतदारांची बिलेही तिथेच निघतात. मशीन इंटेलच्या आय३-९१०० प्रोसेसरचे, मदरबोर्ड एच३१० चा, रॅमचे स्लॉट दोन. घेतल्यापासून त्यात ८ जीबीची डीडीआर४ २४०० (डीडीआर४ ही पिढी, २४०० हा वेग) ही एकच रॅम होती आणि दुसरा स्लॉट रिकामा होता. भावाने पुण्याहून १६ जीबीची, ३२०० ची, दुसऱ्या कंपनीची रॅम आणली आणि जूनच्या अखेरीस बसवली. पहिल्यांदा स्क्रीनच आली नाही. काढून पुन्हा बसवल्यावर आली, २४ जीबी दिसले. पण दोन दिवसांत कोरलड्रॉ काम चालू असताना बंद पडू लागले आणि एकदा निळी स्क्रीन आली. दुकानदार म्हणतात, दोन कंपन्यांच्या रॅम एकत्र चालत नाहीत, दोन्ही काढा आणि नवी जोडी घ्या. हे खरे आहे का, आणि भावाने आणलेली रॅम वाया गेली का?

ताई, ती वाया गेली असे म्हणायला अजून काहीच आधार नाही. कंपनी वेगळी आहे हे कारण तर मी यादीत सर्वात खाली ठेवीन. तुम्ही दिलेल्या माहितीत मला सर्वात महत्त्वाच्या वाटल्या त्या दोन गोष्टी: दुसरा स्लॉट इतकी वर्षे रिकामा होता, आणि रॅम बसवली ती जूनच्या अखेरीस, देवगडात. नवी जोडी घेण्याआधी काय तपासायचे ते खाली सविस्तर सांगतो. मात्र तपासणी पूर्ण होईपर्यंत नवी रॅम काढून ठेवा आणि जुन्या ८ जीबीवरच काम करा. हे मी आग्रहाने सांगतो आहे. रॅममध्ये चूक असेल तर नुकसान फक्त कोरलड्रॉ बंद पडण्याचे नसते. मेमरीत एखादा बिट उलटला आणि तीच फाइल सेव्ह झाली, तर बिलातला आकडा किंवा एखाद्याच्या अर्जासोबतची पीडीएफ कायमची बिघडते, आणि ते महिन्याभराने कळते.

आधी मशीन चालू होताना काय होते ते पाहू. प्रत्येक रॅमवर मेमरीच्या मोठ्या चिपांशिवाय एक अगदी लहान चिप असते. डीडीआर४ मध्ये तिची क्षमता फक्त ५१२ बाइट. तिला एसपीडी म्हणतात. ही रॅम किती जीबीची, कोणत्या वेगाला चालते, त्या वेगाला किती थांबावे लागते, व्होल्टेज किती, हे सगळे त्यात लिहिलेले असते. बटण दाबल्यावर बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, प्रत्येक स्लॉटमधली ही माहिती वाचतो आणि सर्वांना झेपेल असा एकच वेग ठरवतो. होडीत दोघे वल्ही मारत असले की हळू मारणाऱ्याचा ठेका धरावा लागतो, तसेच हे आहे. वेग सर्वात कमीवाल्याचा घेतला जातो आणि थांबण्याचा वेळ सर्वात जास्तवाल्याचा. म्हणून २४०० आणि ३२०० एकत्र लावल्या तर दोन्ही २४०० ला चालतात. त्यात बिघडण्यासारखे काही नाही, वेगवान रॅमला हळू चालायला काहीच त्रास होत नाही.

तुमच्या मशीनमध्ये तर हा वेगाचा प्रश्न जवळपास उरतच नाही. आय३-९१०० ची अधिकृत मर्यादाच डीडीआर४ २४०० आहे आणि एच३१० चा बोर्ड त्यापुढे रॅम पळवू देत नाही. ३२०० च्या दोन नव्या कोऱ्या जुळ्या रॅम लावल्या असत्या तरी त्या २४०० लाच चालल्या असत्या. म्हणजे 'जोडी घ्या' हा सल्ला वेगासाठी असेल, तर त्या पैशातून तुम्हाला काहीही मिळणार नाही.

एक बारीक गोष्ट इथे लपलेली आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. खोक्यावर ३२०० लिहिलेल्या, वर रंगीत पत्रा लावलेल्या रॅमचा ३२०० हा वेग बहुधा एक्सएमपी नावाच्या वेगळ्या प्रोफाइलमधला असतो आणि तो १.३५ व्होल्टला मिळतो. एक्सएमपी चालू केले नाही तर अशी रॅम तिच्या मूळ, १.२ व्होल्टच्या नोंदीप्रमाणे चालते. ती मूळ नोंद काहींची २६६६ असते, काहींची २४००, आणि बऱ्याच नावाजलेल्या रॅमची फक्त २१३३. तशी असेल तर ती जुन्या २४०० लाही २१३३ वर आणते. 'जास्त वेगाची रॅम लावली आणि मशीन उलट मंदावले' ही तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते. घेण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलपुढे एसपीडीचा वेग किती दिला आहे ते पाहा. घेतलेली असेल तर सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम उघडा, एसपीडीच्या पानावर स्लॉटनिहाय सगळे दिसते. त्याच प्रोग्रामच्या मेमरीच्या पानावर २४०० ऐवजी १२०० दिसले तर घाबरू नका. डीडीआरमध्ये घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा माहिती जाते. घड्याळ १२०० मेगाहर्ट्झचे आणि खेपा सेकंदाला २४०० दशलक्ष, दोन्ही आकडे बरोबरच आहेत.

आता कंपनीचा मुद्दा. मेमरीच्या चिपा बनवणाऱ्या जगात मोठ्या कंपन्या तीन: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. स्टिकरवर नाव कुणाचेही असो, आतल्या चिपा बहुधा या तिघींपैकी एकीच्या असतात. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या रॅममध्ये या वर्षी एकीच्या आणि पुढच्या वर्षी दुसरीच्या चिपा येतात. त्यामुळे 'एकच कंपनी घ्या, म्हणजे जुळेल' यात स्टिकर जुळतो, आतला माल जुळेलच असे नाही. उलट वेगळ्या स्टिकरखाली अगदी एकाच जातीच्या चिपा निघालेल्या मी पाहिल्या आहेत. दुकानदाराच्या हेतूवर मी शंका घेणार नाही. त्याला गिऱ्हाईक परत यायला नको असते आणि जोडी विकली की डोक्याला ताप कमी. पण ती त्याची सोय झाली, तंत्राचा नियम नव्हे.

'रॅम एकमेकींशी भांडतात' यात तथ्य कुठे आहे, तेही सांगायला हवे. तुमच्या दोन स्लॉटच्या बोर्डावर दोन चॅनेल, म्हणजे माहितीच्या दोन स्वतंत्र वाटा, आहेत आणि प्रत्येक स्लॉटला प्रोसेसरकडून स्वतःचा चॅनेल येतो. माहितीच्या तारा दोघींच्या वेगळ्या. घड्याळाचा वेग समान असावा लागतो, एवढेच. चार स्लॉटच्या बोर्डावर मात्र एकेका चॅनेलवर दोन स्लॉट असतात आणि तिथल्या दोन रॅम त्याच तारा वाटून घेतात. एकीच्या सिग्नलचा पडसाद दुसरीकडे जातो. तिथे एका चॅनेलवर दोन जातींच्या रॅम, वर एक्सएमपी चालू, असे झाले की भांडण खरोखर होते. अशा बोर्डावर दोनच रॅम असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावाव्यात. बोर्डाच्या पुस्तिकेत बहुधा हेच लिहिलेले असते. जुन्या-नव्या मिळून चार लावायच्या तर एक जोडी दुसऱ्या-चौथ्यात, दुसरी पहिल्या-तिसऱ्यात. म्हणजे दोन्ही चॅनेलवर जीबी सारखे पडतात. डीडीआर५ मध्ये हे आणखी नाजूक झाले आहे. एएमडी कंपनीचे रायझन ७००० मालिकेचे प्रोसेसर दोन रॅम असताना अधिकृतपणे ५२०० झेपवतात, चार लावल्या की तोच आकडा ३६०० वर येतो, मग त्या चारही एकाच खोक्यातल्या असल्या तरी. म्हणून डीडीआर५ च्या नव्या मशीनसाठी माझा सल्ला वेगळा आहे. तिथे पुढे लागणारी सगळी मेमरी पहिल्याच वेळी दोन रॅमच्या एका खोक्यात घ्या आणि मिसळण्याच्या वाटेला जाऊ नका.

८ आणि १६ अशी विषम जोडी चालते का? चालते. इंटेलच्या बोर्डावर दोन्हीकडचे ८-८ मिळून १६ जीबी दोन चॅनेलवर चालतात आणि १६ च्या रॅममधले वरचे ८ जीबी एका चॅनेलवर. याचा अर्थ समजण्यासाठी थोडा हिशेब करा. प्रत्येक चॅनेल ६४ बिटांचा, म्हणजे एका खेपेला ८ बाइट. २४०० ला एका चॅनेलमधून सेकंदाला १९.२ जीबी जातात, दोन्हींमधून ३८.४. एकच ३२०० ची रॅम पूर्ण वेगाने पळाली तरी तिचे २५.६ होतात. म्हणजे एका वेगवान रॅमपेक्षा दोन हळू रॅम बऱ्या. तुमच्याकडे वेगळे ग्राफिक्स कार्ड नसावे. मग पडद्यावरचे सगळे चित्र याच मेमरीतून येते आणि दुसरा चॅनेल उघडल्याचा फायदा त्याला सर्वात आधी मिळतो. फोटोशॉपमध्ये मोठा फ्लेक्स उघडला की तो फरक डोळ्यांना दिसतो. बँकेची वेबसाइट उघडताना दिसणार नाही.

मिसळूच नयेत अशा रॅमही आहेत. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची रॅम बसतच नाही. बसत नसेल तर जोर लावू नका, खाच पाहा. सर्व्हरमधून काढलेली 'रजिस्टर्ड' रॅम खाचेत नीट बसते, स्वस्तही मिळते, पण साध्या डेस्कटॉपवर चालू होत नाही. लेबलवर पीसी४-२४०० च्या पुढच्या अक्षरांत आर असेल तर ती हीच, साध्या डेस्कटॉपच्या रॅमवर तिथे यू असते.

जुन्या मशीनची गोष्ट जरा जास्त सांगतो, कारण आपल्याकडच्या शाळांच्या संगणक कक्षांत आणि ग्रामपंचायतींत ती अजून खूप आहेत, आणि तिथे पैसा विचार करून खर्चावा लागतो. एच६१ च्या बोर्डावर डीडीआर३ लागते आणि त्याचे प्रोसेसर ४ गिगाबिटपेक्षा (म्हणजे अर्ध्या जीबीपेक्षा) मोठी चिप ओळखत नाहीत. ८ जीबीची डीडीआर३ घेताना तिच्यावर १६ चिपा हव्यात, दोन्ही बाजूंना आठ-आठ. एकाच बाजूला आठ चिपा असलेली ८ जीबीची रॅम तिथे चालत नाही. त्याहून जुन्या जी४१ वर हीच मर्यादा २ गिगाबिटची, म्हणून तिथे ४ जीबीची रॅमही १६ चिपांचीच लागते. ऑनलाइन 'फक्त एएमडीसाठी' असे बारीक अक्षरांत लिहिलेली स्वस्त डीडीआर३ मिळते, ती इंटेलच्या बोर्डासाठी घेऊ नका. आणि हे करण्याआधी विंडोज ३२ बिटची आहे का ते बघा. असेल तर ८ जीबी लावूनही ४ च्या आतच वापरली जाईल. चिपा मोजण्याएवढे सोपे काम न केल्यामुळे शाळेची चांगली रॅम 'मॅच होत नाही' म्हणून परत गेलेली पाहिली की वाईट वाटते.

आता तुमच्या देवगडच्या हवेकडे वळतो. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे.

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. ते धुळीबरोबर कॅबिनेटच्या आत जाऊन बसतात. मार्च-एप्रिलमध्ये कोरडे असताना त्यांचा विशेष उपद्रव नसतो. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. पावसाळ्यात किनाऱ्यावर आर्द्रता दिवसचे दिवस त्याच्या वर असते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सिंधुदुर्गातही कमी नाही. म्हणजे जी धूळ मे महिन्यात निरुपद्रवी होती, तिचा जूनमध्ये खाऱ्या पाण्याचा पातळ थर होतो. तो वीज वाहतो आणि धातू खातो. रॅमच्या कडेला जे सोनेरी दात दिसतात त्यांच्यावर सोन्याचा मुलामा असतो, पण तो फार पातळ. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून खालच्या निकेल आणि तांब्यापर्यंत ओल पोचते आणि तिथे गंज धरतो. वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंत 'पावसाळा सुरू झाला आणि मशीन सुरू होईना' ही तक्रार दर वर्षी येते, त्यात रॅमचे संपर्क हे कारण पुष्कळदा निघते.

यात रिकामा स्लॉट सर्वात वाईट. ज्या स्लॉटमध्ये रॅम बसलेली असते, तिथल्या स्प्रिंगच्या पट्ट्या तिच्या दातांवर घट्ट दाबलेल्या असतात आणि त्या जागी हवा कमी पोचते. रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या मात्र वर्षानुवर्षे उघड्या. त्यात धूळ जाते, मुंग्या माती आणतात, मागचा पत्रा उघडा असेल तर कुंभारीण माशी घर करते. तुमची जुनी रॅम जिथे होती तो स्लॉट वापरातला आणि नवी रॅम गेली ती या उघड्या स्लॉटात. पहिल्यांदा स्क्रीन न येणे, काढून पुन्हा बसवल्यावर येणे, मग अधूनमधून चूक होणे, ही सगळी लक्षणे अर्धवट संपर्काची आहेत. न जुळणारी रॅम सहसा प्रत्येक वेळी सारखीच वागते. काढून-घालून निकाल बदलत असेल तर आधी संपर्कावर संशय घ्या.

तेव्हा प्रथम सफाई. मशीन बंद करा, मागची वायर काढा आणि समोरचे बटण पाचएक सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मग रॅमला हात घाला. आपल्या दमट हवेत स्थिर विजेचा धोका कोरड्या प्रदेशापेक्षा कमी असतो, तरी एवढी काळजी फुकटची आहे, घ्यावी. दोन्ही रॅम काढून त्यांचे दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने, लव न सुटणाऱ्या कापडाने पुसा. हे अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आयपीए नावाने मिळते. पेट्रोल, थिनर, सॅनिटायझर, डिओड्रंटचा स्प्रे यांतले काहीही वापरू नका. काळे डाग अल्कोहोलने गेले नाहीत तरच मऊ पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि त्याचा चुरा स्लॉटपासून दूर झटका. दर महिन्याला खोडरबर घासण्याची सवय काही ठिकाणी दिसते, त्याने तो पातळ मुलामा झिजतो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज लवकर धरतो. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकर मारू नका, त्यात थुंकीची वाफ जाते. रबरी फुग्याचा हातपंप किंवा ब्लोअर वापरा. मग स्लॉटमध्ये स्वच्छ रॅमला किंचित अल्कोहोल लावून ती चार-पाच वेळा बसवा आणि काढा, पट्ट्या तिच्यावर घासून साफ होतात. पूर्ण वाळू द्या. पावसाळी हवेत अर्धा तास थांबलेले बरे. बसवताना दोन्ही बाजूंची क्लिप आपोआप मिटून टक् असा आवाज यायला हवा. एच३१० च्या पुष्कळ बोर्डांवर एकाच बाजूला क्लिप असते, तिथे दुसरी बाजू वर राहून जाते आणि लक्षात येत नाही.

सफाईनंतर एकदम दोन्ही लावू नका. आधी जुनी ८ ची एकटी, तिच्या नेहमीच्या स्लॉटमध्ये. मग तीच जुनी रॅम एकटी, रिकाम्या राहिलेल्या स्लॉटमध्ये. ही पायरी सर्वात जास्त शिकवते आणि नेमकी हीच लोक गाळतात. चांगली ठाऊक असलेली रॅम त्या स्लॉटमध्ये चालली नाही, तर दोष स्लॉटचा किंवा त्या चॅनेलचा आहे आणि नव्या रॅमला सोडून द्यायला हवे. स्लॉट साफ असूनही चॅनेल मिळत नसेल तर प्रोसेसरच्या सॉकेटमधली एखादी पिन वाकलेली असू शकते किंवा पंखा एका बाजूला जास्त कसलेला असू शकतो. प्रोसेसरवर वाकडा दाब आला की एका बाजूचा चॅनेल जातो. ते काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्या. यानंतर नवी १६ ची एकटी, जुन्या स्लॉटमध्ये. ती एकटी चालत नसेल तर एक बायोस रिसेट करून पाहा. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल काही मिनिटे काढला की तो होतो. तारीख-वेळ मात्र नंतर दुरुस्त करा, नाहीतर सरकारी पोर्टल उघडताना सुरक्षेच्या सूचना येत राहतील.

चालू झाली म्हणजे पास झाली, असे इथे धरायचे नाही. विंडोज उघडायला मेमरीचा थोडाच भाग लागतो, चूक वरच्या भागात असेल तर मोठी फाइल उघडेपर्यंत कळतच नाही. मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घाला आणि त्यावरून मशीन सुरू करा. मोफत आवृत्ती एका वेळी ४ फेऱ्या करते. २४ जीबीला त्यात बरेच तास जातात, म्हणून संध्याकाळी केंद्र बंद करताना लावा आणि सकाळी पाहा. शून्य चुका हव्यात. एकसुद्धा चूक म्हणजे नापास. 'एखादीच आहे, चालेल' असे कुणी म्हणाले तर ऐकू नका. यूपीएसवर लावा, कारण पावसात मध्येच लाइट गेली की सगळे पहिल्यापासून. जमले तर एक फेरी दुपारी, केंद्रात उकडत असताना करा. रॅममधला प्रत्येक बिट सतत पुन्हा भरावा लागतो, ठरलेली मुदत ६४ मिलिसेकंद, आणि चिप तापली की ती माहिती लवकर गळते. रात्रीच्या गारव्यात पास झालेली कमकुवत रॅम दुपारी पकडली जाते.

दोन्ही एकेकट्या पास झाल्या आणि एकत्र लावल्यावर चुका आल्या, तरच न जुळण्याचा प्रश्न खरा. तेव्हाही एक उपाय शिल्लक असतो. रॅमच्या थांबण्याच्या वेळांमध्ये चारच आकडे लोक बघतात, पण मागे आणखी कितीतरी असतात. उदाहरणार्थ, डीडीआर४ मध्ये ८ गिगाबिटच्या चिपेला रिफ्रेशच्या, म्हणजे बिट पुन्हा भरण्याच्या, कामासाठी ३५० नॅनोसेकंद लागतात आणि १६ गिगाबिटच्या चिपेला ५५०. बायोसने मोठा आकडा घ्यायला हवा आणि बहुतेक घेतातही, पण जुन्या आवृत्तीच्या बायोसमध्ये नव्या चिपांसाठी गडबड होऊ शकते. म्हणून बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवी बायोस आवृत्ती घालून पाहा, यूपीएस चालू असताना आणि बाहेर वीज कडाडत नसताना. त्यानेही जमले नाही तर बायोसमध्ये मेमरीचा वेग हाताने २१३३ करा. दोन चॅनेलचे ३८.४ चे ३४.१ होतील, तुमच्या कामात ते जाणवणारही नाही, आणि काठावर अडलेली जोडी बऱ्याचदा तेवढ्याने सुरळीत चालते. बदल केला की पुन्हा पूर्ण चाचणी.

नवी जोडी घ्यावी असे मी कधी म्हणेन? डीडीआर५ चे मशीन असेल तेव्हा. एक्सएमपी लावून पूर्ण वेग हवा असेल तेव्हा. आणि जिथे बिघाड परवडणारच नाही, पतसंस्थेचे हिशेब किंवा रुग्णालयाच्या नोंदी, तिथे. बाकी ठिकाणी तपासून मिसळलेली रॅम चालवण्यात कमीपणा नाही. २०२५ च्या उत्तरार्धात डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव झपाट्याने चढले, तेव्हापासून तर हातातली चांगली रॅम टाकून देणे मला पटत नाही. जुन्या बाजारातून घेणार असाल, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एस.टी.च्या पार्सलने मागवणार असाल, तर बिलावर क्रमांक लिहून घ्या आणि आल्या दिवशीच सीपीयू-झेडमध्ये बनल्याचा आठवडा आणि वर्ष पाहा. 'नवी' म्हणून आलेली रॅम पाच-सहा वर्षांपूर्वीची निघाली तर लगेच परत करता येते. बऱ्याच कंपन्या रॅमला दीर्घ वॉरंटी देतात, पण स्टिकर फाटला की ती गेली. भावाच्या रॅमचा स्टिकर आणि बिल दोन्ही जपून ठेवायला सांगा.

मशीनवर खर्च करणे योग्य आहे का, असाही तुमचा एक ओझरता प्रश्न होता. आय३-९१०० विंडोज ११ च्या अधिकृत यादीत आहे आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, म्हणजे हे मशीन अजून काही वर्षे कामाचे. फक्त आत अजून हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी घाला, रॅमपेक्षा त्याचा फरक मोठा पडेल. खरोखर किती रॅम लागते ते तुमच्या सर्वात गर्दीच्या तासाला टास्क मॅनेजर उघडून मेमरीच्या पानावर पाहा. कोरलड्रॉ, फोटोशॉप आणि ब्राउझरच्या वीसएक खिडक्या मिळून ८ जीबी भरत असतील, पण १६ च्या वर जात नसतील, असा माझा अंदाज आहे.

तसे असेल आणि वरचे सगळे करूनही दोन्ही एकत्र जमल्या नाहीत, तर १६ ची एकटीच, जुन्या भरवशाच्या स्लॉटमध्ये ठेवा. दुसरा चॅनेल मिळणार नाही, पडदा थोडा मंद वाटेल, पण मेमरी आजच्या दुप्पट होईल. रिकाम्या स्लॉटमध्ये जुनी निकामी रॅम बसवू नका. निकामी रॅममुळे मशीन चालूच होणार नाही. कॅबिनेटचे पत्रे बंद ठेवा आणि पावसाळ्यात मशीन रोज काही तास चालू राहू द्या, आतली ऊब ओल धरू देत नाही. काढलेली ८ ची अँटिस्टॅटिक पिशवीत, सिलिका जेलची पुडी घालून ठेवा. पुढे स्लॉट दुरुस्त झाला तर ती तिथेच लागणार आहे.